ओंजळीपासून लिटरपर्यंत

उन्हाळ्याच्या सुटीतील एखाद्या सकाळी मागील दारी पाण्याची बादली भरून ठेवलेली असावी, शेजारी घासलेली भांडी निथळत असावीत आणि घरातील चार वर्षांचे मूल क्षणभर आपल्या दृष्टीआड व्हावे. थोड्या वेळाने जाऊन पाहावे तो ते बादलीशी उकिडवे बसून फुलपात्राने तांब्यात, तांब्यातून वाटीत आणि वाटीतून पुन्हा बादलीत असा पाण्याचा अखंड व्यवहार चालवीत असते, अंगातला सदरा चिंब झालेला असतो, पण मुद्रेवर जी एकाग्रता असते ती थोरांच्या ठायीही सहसा आढळत नाही. आपण त्या वेळी बहुधा काय करतो? ‘पाण्यात खेळू नकोस, सर्दी होईल,’ असे म्हणून त्याला उचलतो, अंग पुसतो आणि कोरड्या जागी बसवून पाटीवर अंक गिरवावयास देतो. असे करताना आपण मुलाला गणितापासून उठवून गणिताच्या चिन्हांपाशी नेऊन बसवितो, हे आपल्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात यावे आणि त्या ओल्या अर्ध्या तासाचा सदुपयोग कसा करावा याची काही व्यवहार्य दिशा पालकांना व बालवाडीच्या शिक्षकांना मिळावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

माप शिकवावयाचे म्हटले की कोष्टक पाठ करून घ्यावयाचे, अशी आपल्याकडे जुनी रूढी आहे. ‘एक हजार मिलिलिटर म्हणजे एक लिटर’ हे वाक्य तिसरीतला मुलगा न अडखळता म्हणून दाखवितो. परंतु त्याच मुलाला घरचा रोजचा तांब्या दाखवून ‘यात लिटरभर पाणी मावेल का?’ असे विचारले तर तो आपल्या तोंडाकडे पाहू लागतो. कोष्टक खोटे नव्हे. त्याच्या मागे अनुभव नाही, हीच त्यातली उणीव. माप म्हणजे मुळात तुलना होय. एखादी वस्तू दुसऱ्या ठरविलेल्या वस्तूशी ताडून पाहणे आणि ती तिच्या किती पट भरते हे सांगणे, एवढाच मापनाचा आशय आहे. आणि हा आशय शब्दांनी सांगून कळत नाही, तो हाताने करून पाहावा लागतो.

यासाठी पाण्यासारखे दुसरे साधन नाही, आणि त्याचे कारण आपल्या भाषेनेच सांगून ठेविले आहे. गोट्या आपण मोजतो, चिंचोके मोजतो; पाणी मात्र मोजता येत नाही, ते मापावे लागते. गोट्यांना स्वतःचे एकक जन्मतःच लाभलेले असते, कारण एक गोटी म्हणजे एक. पाण्याला असा तुकडा नाही, म्हणून ते किती आहे हे सांगावयाचे तर मुलाला आपले एकक आपणच निवडावे लागते. शिवाय पाणी प्रत्येक भांड्याचा आकार घेते, कितीही वेळा विभागले तरी पुन्हा एक होते, आणि भांडे लहान पडले की काठावरून ओघळून झालेली चूक तत्काळ दाखविते.

आपल्या महाराष्ट्रात या विचाराला चांगली परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने कोसबाडच्या टेकडीवर तेच कार्य वाढविले, तेव्हा माँटेसोरी पद्धतीतील महागड्या साधनांच्या जागी त्यांनी परिसरात मिळणाऱ्या बिया, शिंपले, पाने, खडे यांची योजना केली. बालशिक्षणाचे साहित्य बालकाच्या अंगणातच असते, हा त्या दोघींच्या कार्याचा धडा आहे. आणि अंगणातले सर्वांत स्वस्त साहित्य पाणी होय.

साहित्य आणि स्थळ

दहा लिटरची एक बादली, एक मोठी परात, एकाच आकाराची दोन फुलपात्रे, एक उंच व अरुंद पेला, एक पसरट वाडगे, तांब्या, वाटी, पळी व पंचपात्र, नरसाळे, गाळणी, आणि पुसावयास एक जुने धोतर अथवा चादर एवढा सरंजाम पुरेसा आहे. काचेचे काहीही ठेवू नये. मात्र दोन-तीन भांडी आरपार दिसणारी असावीत, म्हणून प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या जपून ठेवाव्यात. जागा सपाट असावी, कारण तिरप्या फरशीवर ठेवलेल्या भांड्यातील पातळी मुलाला चुकीचा दाखला देते. पाणी परातीत ओतावे आणि सारी उलाढाल परातीच्या काठाच्या आत व्हावी. म्हणजे सांडलेले पाणी वाया न जाता परातीतच जमा होते.

पहिली पायरी: नुसते ओतणे

दोन-अडीच वर्षांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला काहीही शिकवू नये. त्याला ओतू द्यावे. पंचपात्रातले पाणी पळीने ताम्हणात घालणे हे आपल्या घरोघरी आजोबांच्या पूजेशेजारी बसून मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले काम, आणि मनगट स्थिर करण्यासाठी त्याहून उत्तम व्यायाम सापडणे कठीण. पळीनंतर वाटी, वाटीनंतर फुलपात्र, फुलपात्रानंतर दोन्ही हातांनी धरावयाचा तांब्या, असा क्रम ठेवावा. या काळात आपण फक्त शब्द पुरवावेत, आणि तेही मूल जे करीत असेल त्यालाच लावून: रिकामे, भरलेले, अर्धे, काठोकाठ, तळाशी, ओघळले, निथळले, थेंबथेंब, धार. घोट, चूळ, ओंजळ, पसा हे तर शरीरानेच दिलेले मापाचे शब्द आहेत. ‘तुझ्या दोन ओंजळी पाण्याने वाटी भरली,’ असे सहज बोलून गेले तरी मुलाच्या मनात मापनाचे बीज पडते.

दुसरी पायरी: कमी आणि जास्त

चार वर्षांनंतर तुलनेला आरंभ करावा. येथे एक गोष्ट पालकांनी नीट समजून घेतली पाहिजे, नाही तर ती विनाकारण चिंतेला कारण होते. दोन सारख्या फुलपात्रांत सारखे पाणी घ्यावे, मुलाकडून ‘दोन्हींत सारखेच’ अशी खातरजमा करून घ्यावी, आणि मग त्याच्यादेखत एका फुलपात्रातले पाणी उंच पेल्यात व दुसऱ्यातले पसरट वाडग्यात ओतावे. आता कोठे जास्त असे विचारले असता पाच वर्षांचे मूल निःशंकपणे उंच पेल्याकडे बोट दाखविते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी या गोष्टीचा विस्ताराने अभ्यास केला आणि साधारणपणे सहा-सात वर्षांपर्यंत मुले पातळीच्या उंचीवरूनच परिमाणाचा निर्णय करतात असे दाखवून दिले. तेव्हा हे मंदबुद्धीचे लक्षण नव्हे; वाढत्या बुद्धीचा तो एक मुक्काम आहे.

या मुक्कामावर मुलाला ओढून पुढे नेण्याचा यत्न व्यर्थ ठरतो. ‘अरे वेड्या, सारखेच आहे ना!’ असे म्हटल्याने ते आपल्या समाधानासाठी ‘सारखे’ म्हणू लागते, परंतु त्याच्या मनातला पेला जास्तच राहतो. त्याऐवजी एखाद्या समंजस आजीने करावे तसे करावे.

“आजी, माझ्या पेल्यात जास्त आहे, ताईच्या वाडग्यात कमी.”

“असं? मग तुझं पाणी परत त्या फुलपात्रात ओतून बघ बरं, बाळा. आणि ताईचं तिच्या फुलपात्रात.”

“…आता सारखं झालं!”

“मघाशी जास्त होतं ना? मग जास्तीचं गेलं कुठं?”

एवढे विचारून आजीने गप्प बसावे. मूल परातीत पाहील, पेला उलटा करून पाहील, पुन्हा ओतील. उत्तर त्या दिवशी मिळणार नाही, कदाचित त्या वर्षीही मिळणार नाही; पण तो प्रश्न त्याचा स्वतःचा झाला, आणि स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर शोधीत असलेल्या मुलाला शिकवणीची गरज उरत नाही.

तिसरी पायरी: अंदाज, माप, ताळा

पाच-सहा वर्षांच्या मुलाबरोबर खऱ्या मापनाला सुरुवात होते. ‘हा तांब्या किती वाट्यांनी भरेल?’ हा एकच प्रश्न घ्यावा, आणि त्याचा क्रम कधीही मोडू नये: प्रथम अंदाज, मग माप, शेवटी ताळा. अंदाज आधी बोलून दाखवावा व कागदावर नोंदवावा. लिहिता येत नसेल तर तितक्या उभ्या रेघा माराव्यात. मग वाटी प्रत्येक वेळी काठोकाठ भरून ओतावी, आणि दर वाटीला एक खडा बाजूला ठेवावा, म्हणजे मोजणीत घोटाळा होत नाही. शेवटी तांब्यातले पाणी त्याच वाटीने परत बादलीत काढीत किती वाट्या भरतात ते पाहावे. भरताना सहा आणि काढताना साडेपाच भरल्या, तर ती अर्धी वाटी कोठे गेली याचा तपास मुलालाच करू द्यावा. परातीत साचलेले पाणी वाटीत घेताच त्याला ती बहुतेक सापडते. सांडलेल्या पाण्याबद्दल मुलाला दटावण्याऐवजी त्याला त्याचा हिशेब करू दिला, तर दुसऱ्या दिवसापासून ते आपण होऊन जपून ओतू लागते.

अंदाज चुकला म्हणून हसू नये आणि बरोबर आला म्हणून बक्षीसही देऊ नये. रोज दोन-तीन भांड्यांचे अंदाज करीत गेले की आठवड्याभरात ते आपोआप नेमके होऊ लागतात, आणि नजरेला आलेला हा नेमकेपणा हेच खरे बक्षीस होय.

यानंतर मुद्दाम एक तंटा उपस्थित होऊ द्यावा. तोच तांब्या धाकट्याने आपल्या छोट्या वाटीने मापावा आणि थोरल्याने फुलपात्राने. एक म्हणतो आठ, दुसरा म्हणतो पाच. तांब्या तर एकच. दोघेही आपापल्या परीने खरे, तरी दोघांचे जुळत नाही. ‘मग बाजारात दूध घ्यायला गेलो तर कोणाची वाटी न्यायची?’ असा प्रश्न येथे टाकावा. समाजाला ज्या गरजेपोटी सर्वांनी मान्य केलेले माप मुकरर करावे लागले, ती गरज मुलाला दहा मिनिटांत परातीशी बसून जाणवते. ‘मापात पाप’ ही म्हण त्याला याच वेळी सांगावी. ती नीतीबरोबर गणितही शिकविते.

चौथी पायरी: मान्य माप

सहा-सात वर्षांनंतर लिटर हातात द्यावा. पण त्याआधी घराच्या अडगळीत जुनी पितळी अथवा लोखंडी धान्याची मापे असतील तर ती घासूनपुसून बाहेर काढावीत, कारण अर्धे व दुप्पट शिकविण्यास त्यांच्यासारखी सोय नव्या मापांत नाही. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. गावोगावच्या शेरांत तफावत असे. पण दुपटीचे हे नाते कायम असे. चिपट्याने पायली भरताना सोळा वेळा ओतलेले पाणी अपूर्णांकांचा जो पाठ देते, तो मुलाच्या हातालाच पाठ होतो.

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने ही जुनी मापे व्यवहारातून हळूहळू गेली आणि देशभर मेट्रिक मापांचा अंमल सुरू झाला. शेराशेरांतल्या त्या तफावतीचा तंटा, मुलांच्या वाटी-फुलपात्राच्या तंट्यासारखाच, तेव्हा कायद्याने मिटला. ही हकिकत मुलांना गोष्टीसारखी सांगावी. मग दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी, पाण्याची एक लिटरची बाटली, औषधाच्या बाटलीवरचे ५ मिलिलिटरचे टोपण अशी घरात असलेली लेखी मापे शोधावयास सांगावीत. एका बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून, पाव लिटरच्या मापाने पाणी घालीत, प्रत्येक वेळी पातळीशी रेघ मारावी. मुलाने स्वहस्ते तयार केलेल्या या मापपात्रावर त्याचा जेवढा इतबार बसतो तेवढा विकत आणलेल्यावर बसत नाही. रेघ वाचताना बाटली सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीच्या उंचीला आणावा, वरून वाकून पाहू नये, ही सवय येथेच लावून द्यावी.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी आणखी एक प्रयोग आहे. जाड पुठ्ठ्याची, आतून लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १० सेंटीमीटर भरेल अशी पेटी करून तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी बसवावी आणि लिटरभर पाणी ओतावे; ते काठाशी येऊन थांबते. तेच पाणी पिशवीसह तराजूत ठेवले तर वजन एक किलोच्या जवळपास भरते. लांबी, धारकता आणि वजन ही तीन निराळी भासणारी मापे पाण्याच्या द्वारे एकमेकांशी बांधलेली आहेत, हे पाहून मुलांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते ते एकदा तरी पाहावेच.

गोष्टीतला कावळा आणि लीलावतीची घटिका

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट माहीत नाही असे मराठी मूल नसेल. ती करून पाहावी. अरुंद तोंडाच्या भांड्यात अर्ध्याहून बरेच अधिक पाणी घालून एकेक खडा टाकावा व दर पाच खड्यांनी पातळीची रेघ मारावी. पाणी चढत जाते. मग भांडे रिकामे करून या वेळी जेमतेम पाव भांडे पाणी घ्यावे व पुन्हा खडे टाकावेत. खडे काठापर्यंत येतात, पण पाणी त्यांच्या फटींतच राहते आणि कावळा तहानलेलाच राहतो! गोष्टीतल्या कावळ्याच्या मडक्यात निदान किती पाणी असले पाहिजे, हे मग मुले आपण होऊनच शोधू लागतात.

पाण्याने काळही मापता येतो. बूड सच्छिद्र असलेले हलके घटिकापात्र पाण्यावर सोडावे, ते हळूहळू भरून बुडाले की एक घटिका झाली, असे आपले पूर्वज मानीत. घटिका २४ मिनिटांची, साठ घटिकांचा एक अहोरात्र, आणि साठ पळांची एक घटिका. लग्नाचा मुहूर्त याच पात्रावरून साधला जाई. भास्कराचार्यांची कन्या लीलावती त्या पात्रात वाकून पाहात असता तिच्या अलंकारातला मोती पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ११५० सालच्या ग्रंथाचा आरंभही नाणी, वजने, लांबी व धान्याची मापे यांच्या परिभाषेनेच होतो. पत्र्याच्या हलक्या वाटीला थोरांनी बारीक खिळ्याने छिद्र पाडून द्यावे, आणि ती बुडेपर्यंत आपल्याला अंगणाच्या किती फेऱ्या मारता येतात हे मुलांनी पाहावे. छिद्र मोठे केले तर काय होईल, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येईल.

पावसाळा लागला की सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मापावी व तारखेसह नोंद ठेवावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले, हे नाते थोरल्या मुलांना समजावून द्यावे. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पावसाचे पाचशे लिटर पाणी पडते, हे ज्या मुलाने स्वतः हिशेब करून काढले, त्याला पाणी साठविण्याविषयी निराळा उपदेश करावा लागत नाही.

दक्षता

आता काही गोष्टी निक्षून सांगितल्या पाहिजेत. लहान मूल चार बोटे पाण्यातही बुडू शकते. म्हणून खेळ चालू असताना जाणत्या माणसाने हाताच्या अंतरावरून हलू नये, दारावरची घंटा वाजली तरी मुलाला बरोबर घेऊनच उठावे. खेळ संपताच बादली, परात, डबे रिकामे करून पालथे घालावेत. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांची पैदास होते, तेव्हा पावसाचा डबाही रोज मापून झाल्यावर ओतून टाकावा. फरशी लगेच पुसावी, आणि थंडीच्या दिवसांत पाणी कोमट घ्यावे.

ज्या गावांत टँकरची वाट पाहावी लागते तेथे पाण्याचा खेळ सुचविणे अनेकांना अप्रशस्त वाटेल, आणि ती भावना आदरणीय आहे. तेथे तांदूळ किंवा वाळू घेऊन हेच पाठ द्यावेत आणि पाण्याचे प्रयोग पावसाळ्यासाठी राखून ठेवावेत. एरवीही चार-पाच मुलांना दहा लिटर पाणी पुरते. खेळ संपल्यावर ते मुलांच्याच हातून, फुलपात्रांनी मोजून, झाडांना घालावे. तुळशीला किती, गुलाबाला किती, हा त्या दिवसाचा शेवटचा पाठ व्हावा.

बालवाडीत चाळीस मुले असतील तर पाच-पाचांचे गट करून दिवसाकाठी दोनच गटांना पाण्याशी बसवावे. बाकीच्यांनी त्या वेळी आदल्या दिवशीच्या मापांची चित्रे काढावीत. एका गटाने मापलेले दुसऱ्या गटाने दुसऱ्या दिवशी मापून ताळा पाहावा. भिंतीवर एक तक्ता असावा: भांड्याचे चित्र, अंदाजाच्या रेघा, मापाच्या रेघा. परीक्षा घेऊ नये, क्रमांक लावू नयेत.

या साऱ्या उद्योगात मोठ्या माणसाचे सर्वांत अवघड काम म्हणजे न सांगणे. उत्तर आपल्या ओठावर असते, मूल चुकीच्या बाजूला चाललेले दिसते, हात पुढे होतो; त्या वेळी तो आवरावा आणि ‘ओतून बघ,’ एवढे दोनच शब्द उच्चारावेत. पाणी कोणाची भीड धरीत नाही व कोणाला फसवीत नाही. योग्य उत्तर ते मुलाला स्वतःच देईल.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी सकाळी परातीशेजारी पाट मांडून मुलाजवळ बसा. एक बादली, दोन फुलपात्रे आणि आपला अर्धा तास, एवढेच भांडवल लागते. आणि त्यानंतर जेव्हा कधी शाळेतले कोष्टक त्याच्यापुढे येईल, तेव्हा ते त्याला परक्याचे वाटणार नाही.